मुक्या सिनेमातली बाई

सेक्टर ५, भिलाई (म. प्र.)
१४ नोव्हेंबर १९८७

प्रिय दादा,

तुला आणि तारावहिनींना नमस्कार, आईच्या पायांवर डोकं. हे पत्र एकट्यानं वाच. माझं पत्र आलं की मोठ्यानं आईला वाचून दाखवायची तुझी सवय आहे, ती यावेळी मोड. खुशालीचं कार्ड वेगळं टाकलं आहे, ते दाखव तिला.

रमाचं जवळजवळ ठरलं होतं. मुलगा इथेच प्लांटमध्ये इंजिनिअर. घर कुम्हारीला, वडील देवाजीराव यांचा तिथे हायवेला लागून लोखंडी दारं-खिडक्यांचा छोटा कारखाना. माणसं आपल्यातली, मूळची तुमसरकडची, देवभोळी. गेल्या रविवारी दोघं नवराबायको आमच्याकडे जेवायला आली. सुपारी फोडायचा दिवस त्याच दुपारी ठरायचा होता.

आता तुझ्या मेव्हण्यांना तू ओळखतोस. पाहुणे आले की काहीतरी नवल दाखवल्याशिवाय यांना जेवण पचत नाही. कॅम्प-१ मधल्या विजयकुमारच्या व्हिडिओ लायब्ररीतून व्हीसीआर भाड्यानं आणला. मी म्हटलं, व्याह्यांसमोर कसला सिनेमा लावता, हल्लीच्या सिनेमात जो तो पावसात भिजत असतो. तर म्हणाले, "त्याची सोय केली आहे. मुका सिनेमा आणला, देवादिकांचा. गाणी नाहीत, मारामारी नाही, बोलणंच नाही तर वाईट बोलतील कुठून?" मुंबईची कुठलीशी कंपनी म्हणे जुने मुके आणि पहिलेवहिले बोलके सिनेमे कॅसेटवर काढते आहे. विजयकुमारकडे ती कॅसेट धूळ खात पडली होती, त्यानं आनंदानं दिली.

जेवणं झाली, पानं झाली, कॅसेट लागली. वेगवेगळ्या सिनेमांचे वाचलेले तुकडे आहेत तिच्यात, नावाच्या पाट्या बहुतेक गेलेल्या. एका तुकड्यात कुणा राजानं टाकलेली राणी, रानातली झोपडी. राणी कळशी घेऊन नदीवर जाते, परत येते, दारात उभी राहून वाट पाहते. मग तिचा चेहरा जवळून दाखवला. आणि कलावतीबाई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, खुर्चीतून पुढे झाल्या. "अगा माय! हे त वसुंधराबाई आहे!"

सगळे हसले, मीही हसले. मग कोणी हसेना. दादा, ती बाई मी होते. माझंच नाक, माझीच हनुवटी, आणि डावी भुवई वर चढवायची माझी खोड, जिच्यावरून बाबा मला लहानपणी रागवायचे. देवाजीरावांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या मातोश्री कुठल्या म्हणालात?" मी म्हटलं, पवनीच्या. "पवनीच्या कोणाच्या?" आणि मला सांगता येईना. सुपारीचा दिवस काही ठरला नाही. "घरी विचारून कळवतो," म्हणाले. त्यांच्या घरी विचारायला दोघंच, आणि ती दोघं आमच्याच सोफ्यावर बसली होती.

त्या काळी सिनेमात उभ्या राहणाऱ्या बायकांबद्दल लोक काय बोलत, ते तुला सांगायला नको. माझा स्वभाव संशयी आहे हे कबूल. दूधवाल्यानं दोन दिवस घट्ट दूध दिलं तर यानं यात काय घातलं म्हणून मी भांडं उन्हात धरून पाहते. पण आता मला सांग, आईच्या माहेरी आपण कधी गेलो? कधी कोणी मामा आला? विचारलं की ती म्हणायची, "माहं माहेर वाहून गेलं." आपण समजायचो, वैनगंगेच्या पुरात. तुला काही माहीत असेल तर लिही. आईला यातलं एक अक्षर विचारू नको. रमाचा जीव त्या मुलावर बसला आहे, आणि मला आठ दिवस झोप नाही.

तुझी
वसू


भंडारा
२१ नोव्हेंबर १९८७

चि. वसू,

आशीर्वाद. पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. एका चेहऱ्याची सात माणसं असतात म्हणतात, त्यातली एक सिनेमात निघाली तर आपण आपल्या जन्मदात्रीवर बोट ठेवायचं? बाबारावांना माझा निरोप सांग, मुका सिनेमा लावून स्वतःच्या घराची बोलती बंद करणारा जावई आमच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. जिल्हा परिषदेत मी जन्मभर फायली पाहिल्या. निम्म्या फायली बिनबुडाच्या संशयाच्या असतात.

तरी विचारतो. त्या बाईच्या नाकात नथ होती की चमकी? लुगडं कसं नेसली होती?

तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. एकदा जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता. सारं गाव लोटलं. आईही पदर सारखा करून शेजारणींबरोबर निघाली होती. बाबा दारात आडवे उभे राहिले. "या घरातलं कोणी सिनेमा पाहणार नाही." आई परत आत गेली. पुढे शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला नाटकात घेतलं, तर बाबांनी मास्तरांना घरी बोलावून झापलं आणि मला गुरासारखं बडवलं. जंगलखात्याच्या नाक्यावरचा कारकून, एवढ्या थोरल्या मिश्या, साऱ्या रेंजमध्ये दरारा. अशा माणसाला सिनेमा-नाटकाची एवढी धास्ती कशाची? तेव्हा माझ्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. तुझ्या पत्रानं आणला.

आईला काही विचारलेलं नाही. तिची तब्येत ठीक आहे.

शामसुंदर


सेक्टर ५, भिलाई
३ डिसेंबर १९८७

प्रिय दादा,

लुगडं विचारलंस म्हणून पुन्हा व्हीसीआर आणि ती कॅसेट आणली. विजयकुमार म्हणाला, "आंटी, इसमें तो आवाज़ ही नहीं है, फिर से ले जा रहे हो?" मी म्हटलं, आवाज नको म्हणूनच नेते. हे ड्यूटीवर, रमा बाहेर, पडदे ओढून, कडी लावून पाहिली. आपल्याच घरात चोरासारखं बसून मुका सिनेमा पाहायचा, काय वेळ आली बघ.

दादा, नऊवारी आपल्याकडच्या बायकांसारखी नाही. निऱ्या बारीक, चापूनचोपून बसवलेल्या, काठ बरोबर घोट्यावर, पदर पाठीवरून घट्ट आणून कमरेला खोचलेला. आई नेसते तशी. आठव, साऱ्या आळीत आईचं नेसणं वेगळं. बायका म्हणायच्या, मनकर्णाबाई पुण्यावाणी नेसते. पवनीच्या गरीब पोरीला हे कोणी शिकवलं?

इथे आमची मध्यस्थ सिंधुताई. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहते, नवरा यार्डात आहे, या भागातली निम्मी मराठी लग्नं तिनं जुळवली. ती दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा चिवडा खाल्ला, दुसऱ्यांदा खाल्ला नाही, त्यावरून काय ते समज. म्हणाली, "कलावतीबाईचं म्हणणं एवढंच हाय, आजीच्या माहेरचं एखांदं माणूस दाखवा. एक दाखवलं तरी चालते." कुठून दाखवू?

मुलगा रमाला भेटतो, बोलतो, पण आईवडिलांसमोर मान खाली. रमा मला म्हणते, "मम्मी, आजीलाच विचार ना, सिंपल बात है." तिला सिंपल. मला विचारायची हिंमत नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर?

आणखी एक. तुझ्या प्रत्येक पत्राखाली आई तुझ्याकडून एक ओळ लिहवून घेते, "वसूले म्हणा, जीवाले जप." मागच्या पत्राखाली ती ओळ नाही. दादा, खरंच विचारलं नाहीस ना?

वसू


भंडारा
१२ डिसेंबर १९८७

चि. वसू,

आशीर्वाद. तुझा संशय दूधवाल्यापासून निघून माझ्यापर्यंत पोचला, बरं वाटलं. ओळ राहून गेली असेल. प्रत्येक गोष्टीला अर्थ नसतो.

बाबांबरोबर नाक्यावर असलेले धोंडबा अजून आहेत. डोळे गेले, पण बाकी सगळं शाबूत. त्यांच्याकडे जाऊन बसलो. ते म्हणाले, "तुहा बाप पोरवयातच घरून पयाला होता. तिकडं नाशिक-पुण्याकडं काही वर्सं राह्यला. आला तवा एक ट्रंक घिऊन आला. म्या सोताच्या डोयानं पाह्यली, बायकायचे लुगडे, बांगड्या, गंगावन. मंग काही दिसानं लगन केलं." लग्न कुठे झालं? "देवळात. पोरीकडून एक बुढी मावशी होती, बस." गंगावन आणि लुगडी घेऊन आलेला माणूस, आणि पाठोपाठ बायको, जिला माहेर नाही. वसू, मी आता हसत नाही. बाबांनी तिला तिथून आणलं, आपल्यासारख्यांच्या घरात बसवलं आणि सिनेमाच्या नावानं दार लावून घेतलं. त्यांच्या मोठेपणाला हात जोडावेसे वाटतात.

आईचं म्हणशील तर तिचं वय झालं. तिला दगदग नको म्हणून देवघर आणि स्वयंपाक दोन्ही ताराने हाती घेतलं आहे. आई मागच्या खोलीत असते. तिथे ऊन चांगलं येतं.

आता व्यवहाराचं. सिंधुताईला सांग की ही आमची सावत्र आई, सख्खी आम्ही लहान असताना वारली. यानं चेहऱ्याचा प्रश्नच मिटतो. सावत्र आईचा चेहरा मुलीला कसा येईल? मग सिनेमातली बाई कोणी का असेना, निव्वळ योगायोग. सख्ख्या आईच्या माहेरचा माणूस म्हणून गोंदियाचे टिकाराम उभे राहतील, माझ्या शब्दाबाहेर नाहीत ते. रमाचं भलं होत असेल तर एवढं बोलायला हरकत नसावी. आईच्या कानावर जाणार नाही याची काळजी घे, म्हणजे झालं.

शामसुंदर


सेक्टर ५, भिलाई
२३ डिसेंबर १९८७

दादा,

आई इथे आहे. तुला कळलं तरी का ती घरात नाही ते?

काल दुपारी दारात रिक्षा थांबली. हातात एक पिशवी, पायांत तुझ्या जुन्या चपला. भंडारा रोडला पॅसेंजरमध्ये बसली आणि दुर्गला उतरली, एकटी. पंच्याहत्तरीची बाई. डब्यातल्या कुणा पोरानं रिक्षा करून दिली म्हणे. मी पाणी दिलं, ते प्यायली, आणि म्हणाली, "तारेनं माह्या हातचा निवद देवापुढून उचलला न् दुसरा मांडला. माह्या डोयादेखत. मंग म्या म्हटलं, आता इथं कायले राहू? मी काय केलं व वसू?"

ऊन चांगलं येतं म्हणे मागच्या खोलीत! आईला विचारू नको असं मी लिहिलं होतं. तू विचारलं नाहीसच. न विचारता निकाल दिलास. फायली अशाच पाहायचास का रे?

पण मी तरी कोण तुला बोलणार. आज सकाळी सिंधुताई आली. आई समोरच वाती वळत बसली होती. सिंधुताईनं विचारलं, "ह्या कोण?" माझ्या तोंडून निघालं, "भंडाऱ्याहून आल्यात." "कोण लागतेत?" मी चहा टाकायला उठले. मागे वळून पाहिलं तर आई माझ्याकडे पाहत होती. सिंधुताई गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन तिनं परात पुढे ओढली, पीठ घेतलं, पाण्याचा हात लावला आणि थांबली. म्हणाली, "मी मयू ना व कणीक? चालते ना तुमच्या घरी?"

मी तिच्या हातांवर पाणी घातलं आणि तोंड फिरवून रडले. अजून तिला काही सांगितलेलं नाही. काय सांगू, आणि कोणत्या तोंडानं?

वसू


भंडारा
२९ डिसेंबर १९८७

चि. वसू,

आशीर्वाद. तू चिडलेली आहेस, म्हणून थोडक्यात लिहितो. इथे लोक विचारतात, त्यांना नातीच्या लग्नाच्या तयारीला गेली असं सांगितलं आहे. गोष्ट थंड होईपर्यंत तिला तिथेच ठेव. ताराचा दोष नाही, तिला देवाधर्माचं पाहावं लागतं. सावत्र आईचं सिंधुताईला सांगितलंस की नाही ते कळव, टिकारामांना तशी सूचना द्यायची आहे. ती कॅसेट विकत घेता येत असेल तर घे आणि जाळून टाक.

शामसुंदर


सेक्टर ५, भिलाई
४ जानेवारी १९८८

दादा,

टिकारामांना कळव की त्यांची गरज नाही.

रमाचा धीर सुटला. काल रविवारी सकाळी लूनावर कॅम्प-१ ला गेली आणि व्हीसीआर, कॅसेट सगळं बांधून घेऊन आली. मी अडवायला गेले तर म्हणाली, "बस हो गया मम्मी. तुम्ही सगळे आजीबद्दल बोलून राहिले, आजीशी कोणी बोलत नाही." आजीला हाताला धरून टीव्हीसमोर खुर्चीत बसवलं. चष्मा पुसून दिला. आई म्हणाली, "काय दावते व पोरी? मले त कधी सिनेमा पाहूच नाही दिला तुह्या आज्यानं." हे माझ्याकडे पाहत होते आणि मी भिंतीकडे.

राणीचा तुकडा लागला. कळशी, नदी, झोपडी. चेहरा जवळ आला. आईचा हात तोंडावर गेला. आता म्हणणार, होय, मीच ती, आणि मग काय करायचं? आईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. रडत नव्हती, हसत होती. पदर तोंडात कोंबून हसत होती.

"अगा बाई, मिशा कुठी गेल्या व यायच्या!"

"कोणाच्या, आई?"

"कोणाच्या म्हंजे? तुह्या बापाच्या!"

दादा, ती राणी म्हणजे बाबा.

सगळं तिनं सांगितलं, हसत, डोळे पुसत, मध्येच सिनेमाकडे पाहत. बाबा पोरवयात पळून गेले ते सिनेमा काढणाऱ्या एका कंपनीत राहिले. तेव्हा बायका सिनेमात उभ्या राहायला तयारच होत नसत, मग नाकीडोळी नीटस पोरं पाहायची आणि त्यांना लुगडं नेसवायचं. बाबांना राण्या मिळत गेल्या. "नाटकात आवाज फुटला का पोराले काढतेत," आई म्हणाली, "इथं आवाजाचं कामच नोहोतं, मुकाच त सिनेमा. पण दाढी रंगाखाली झाकेना, तवा घरी पाठवलं." निघताना पगाराच्या बदल्यात कंपनीनं कपड्यांची ट्रंक दिली. तीच तुझ्या धोंडबांची ट्रंक. घरी आले, मिशी वाढवली, आणि मरेपर्यंत तिला वस्तरा लागू दिला नाही. नेसायला आईला त्यांनीच शिकवलं. "लग्नाच्या दुसऱ्या दिशी म्हणतेत, असं नाही नेसत, मी दावतो. न् दार लावून सोता नेसून दावलं. मी हासली त रागावले. मंग तेही हासले." आईला त्यांनी शपथ घातली होती, पोरांना सांगायचं नाही. म्हणायचे, पोरं म्हणतील आपला बाप बाई होता. त्यांच्यामागे इतकी वर्षं तिनं ती पाळली.

आणि माहेर? ते पुरात गेलंच नव्हतं. मानमोडीची साथ आली तेव्हा आईबाप, भाऊ सगळे एका आठवड्यात गेले, हिला मावशीनं वाढवलं. हा सिनेमा निघाला तेव्हा आई परकरात लगोरी खेळत असेल. आपण कधी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. बाबांचीच गोष्ट सांगायला बंदी होती, तिच्या स्वतःच्या गोष्टीला नव्हती.

यांनी कॅसेट मागे घेऊन थांबवून थांबवून दाखवली. जबड्यावर दाढीची सावली स्वच्छ दिसते. राणी दगडावर बसते ती गुडघे फाकून, नाक्यावरच्या बाकावर बसल्यासारखी. नदीत पाय घसरतो तर दोन्ही हातांनी लुगडं मांडीपर्यंत वर ओढते. आई म्हणाली, "पाह्य, पाह्य! बाईमाणूस असं करते का?" आम्ही एवढ्या जणांनी एवढ्या वेळा पाहिलं आणि कोणालाही त्यात पुरुष दिसला नाही. आम्ही त्यात आई शोधत होतो.

मग ती यांना म्हणाली, "पुन्यांदा लावा ना जवाईबापू." पुन्हा लावली. पुन्हा म्हणाली. शेवटी हसणं थांबलं होतं. काचेजवळ सरकून बसली आणि म्हणाली, "एवढुसा होता व. माह्या रमीहूनही लहान. मले त हे थोराडच भेटले." बाबा जाऊन सतरा वर्षं झाली. मी तिला त्यांच्यासाठी अशी रडताना पहिल्यांदा पाहिलं.

वसू


भंडारा
१४ जानेवारी १९८८

प्रिय वसू,

तिळगूळ घे, गोड बोल, आणि माझं मागचं सगळं विसर! तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि छाती भरून आली. आपले बाबा कलावंत! मूकपटाच्या काळातले! विदर्भातून तिथे पोचलेली किती माणसं असतील? आणि आपण त्यांना जन्मभर नाक्यावरचा कारकून समजलो. त्यांच्या मारामागे केवढी वेदना होती ते आज कळलं.

मी स्वस्थ बसलेलो नाही. नागपूरच्या एका वर्तमानपत्रात माझ्या ओळखीचे गृहस्थ आहेत, ते पुरवणीत मोठा लेख छापणार आहेत. माझ्याशी बोलताना त्यांनी दीड तास टिपणं घेतली. कॅसेटवरून बाबांचा फोटो काढता येईल का ते बाबारावांना विचार. कॅसेटची एक प्रत मला ताबडतोब हवी आहे. इथल्या वाचनालयात आम्ही जाहीर कार्यक्रम ठेवतो आहोत. बाबारावांचं खास अभिनंदन कर, रत्न शोधलं त्यांनी.

मुख्य म्हणजे आई. कार्यक्रमात तिला खुर्चीवर बसवून सत्कार करायचा आहे, शाल-श्रीफळ. फोटोही तिच्याबरोबर हवा. ३१ तारखेच्या रविवारी मी स्वतः तिला घ्यायला येतो. ताराने देवघर घासूनपुसून ठेवलं आहे, आई आली की सगळं पुन्हा तिच्या हाती. व्याह्यांनाही हे सगळं नीट कळू दे. आता मान ताठ ठेवून बोल.

शामसुंदर


सेक्टर ५, भिलाई
२५ जानेवारी १९८८

दादा,

व्याह्यांना कळवावं लागलं नाही, सिंधुताईनं कळवलं. देवाजीराव आणि कलावतीबाई लाडवांचा डबा घेऊन आले. कलाकाराचं घराणं आहे हे आधी का नाही सांगितलं म्हणाले. कलावतीबाई आईच्या पाया पडल्या. आई म्हणाली, "बसा." तेवढंच. मुलगा मात्र आदल्या दिवशी एकटा आला होता. आजीजवळ खाली बसला आणि म्हणाला, मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. त्याला आईनं भाजीभाकर वाढली. सुपारी फुटली, रमा खूश आहे, लग्न वैशाखात.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं, सगळं, लेखापासून शालीपर्यंत. तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. संपल्यावर म्हणाली, "छाती भरून आली लिहिलं ना?" मी म्हटलं, हो.

"माह्यावाली गोष्ट होती तवा त्यानं मले मेली म्हणून सांगायचं ठरवलं होतं." तुझं सावत्र आईचं पत्र रमानं तिला वाचून दाखवलं आहे, मला न विचारता. मी रमाला रागावले नाही.

ती तुझ्यावर चिडलेली नाही. चिडली असती तर मला लिहायला सोपं गेलं असतं. कॅसेट तुला पाठव म्हणाली, म्हणून यांनी प्रत काढून घेतली, ती उद्या पार्सलनं टाकते. नवऱ्याचं कौतुक होतं आहे याचं तिला सुखच आहे. "होऊ द्या, त्यायले लय हौस होती," म्हणाली.

मग मी विचारलं, दादा रविवारी घ्यायला येतो आहे, काय लिहू? तिनं सूप बाजूला ठेवलं.

"शामले लिही, एवढंच सांग म्हणा मले. ते बाई मीच असती, त मंग?"

दादा, तिनं हे विचारताना तुझं नाव घेतलं, पण पाहत माझ्याकडे होती. मी पत्र लिहायच्या निमित्तानं उठून आले. तुझ्याजवळ उत्तर असेल तर ये, नाहीतर रविवारची गाडी धरू नको.

वसू